दुसरा तुकडा

माझ्या आईला नवापूरच्या भरबाजारात कच्चा कडूकंद खायला लावला. वाचनालयाच्या पायऱ्यांसमोर. तिची टोपली एका लाथेनं उलथली, कंद धुळीत गडगडले. एका कापडवाल्यानं त्यातलाच एक उचलला, सुरीनं कापला आणि फोड तिच्या तोंडासमोर धरली.

"तूच खाय ना आते. आमले इख इकस का? मन्हा घरमा तीन जण ओकी ऱ्हायनात."

आई म्हणाली, मी विष विकत नाही, पण हा कच्चा आहे, असा खात नाहीत. कुणी ऐकलं नाही. मग तिनं फोड घेतली आणि खाल्ली. चावून चावून खाल्ली.

मी त्या वेळी वाचनालयाच्या उंबऱ्यावर बसलो होतो. अंगात धुतलेला सदरा होता. तिच्यापासून दहा पावलांवर होतो मी. उठलो नाही. हे आधी लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कुणी मला शूर समजू नये.

लढाईची वर्षं होती. ज्वारी मिळत नव्हती, मिळाली तर किडकी मिळे. मी तेव्हा पंचविशीचा असेन. मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलो होतो आणि लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर नंबर घालायचं काम करत होतो. अक्षर चांगलं होतं माझं. त्या अक्षरामुळेच मला वाचनालयात शिरकाव मिळाला होता. चिटणीस तात्यासाहेब मला पत्रं नक्कल करायला बोलवत. बाकीचे डोंगरचे लोक पायरीखाली उभे राहून ऐकत. मला उंबऱ्यावर बसू देत. आत नाही, उंबऱ्यावर. एवढ्यावर माझी छाती फुगलेली असे.

दर बाजारच्या दिवशी दुपारी तात्यासाहेब पेपर मोठ्यानं वाचत. लढाईच्या बातम्या झाल्या की शास्त्राचं आणि सृष्टीचं सदर असे. जगभरातल्या चार-पाच बातम्या एकत्र दिलेल्या. शेपटीचा तारा दिसला, की आत बसलेले हात जोडत. टोळधाड आली, की कापूसवाले पाटील हळहळत. एकदा वाघ कमी होत चालले असं वाचलं, तेव्हा वखारीचा मालक जीभ चुकचुकवत म्हणाला, फार वाईट झालं. त्या आठवड्यात त्याच्या गाड्यांनी आमच्या डोंगरावरचा साग उतरवून संपवला होता. त्या ओंडक्यांवर नंबर मीच घातले होते. आणि जंगलाला आगी लागतात अशी बातमी आली, की सगळी डोकी एकदम पायरीखालच्या आमच्या माणसांकडे वळत. तिथं कुणाला काही विचारायची गरज वाटत नसे.

एका बाजारी सदरात आमच्याच डोंगरांची बातमी आली. कुणा शास्त्रज्ञानं शोध लावला होता की इकडच्या जंगलात एक कंद होतो, त्यात पिठूळपणा भरपूर, उकडून खाल्ला तर धान्याची तूट भरून निघेल. वर्णनावरून मी ओळखलं. कडूकंद. माझी आजी खणायची, आई खणते. शोध कसला?

आत मात्र सगळे खूश झाले. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, शास्त्र किती पुढं गेलं बघा, जंगलातल्या मुळ्यांमधून अन्न काढतंय. मला राहवलं नाही. मी उंबऱ्यावरून म्हणालो, नुसता उकडून चालत नाही. चकत्या कापाव्या लागतात, राख चोळून उकडावं लागतं, मग टोपलीत घालून दगडाखाली दोन रात्री वाहत्या पाण्यात ठेवावं लागतं. नाहीतर तो विष आहे.

तात्यासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. कापडवाला म्हणाला, "पेपरमा छापेल शे ते खोटं, आनि ह्यानं खरं?"

सगळे हसले.

मीही हसलो. लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांच्यात मिसळून हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या बाजारी आईचे कंद हातोहात गेले. एरवी तिच्याकडे कुणी वळून बघत नसे. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगत होती, "वाहता पाणीमा ठेवजो, माय. दोन रात. राख लावजो." मी तिच्या शेजारी उभा राहून हे ऐकलंय. बायका मान हलवत आणि निघून जात. एक तर म्हणाली, आमच्याकडे पेपर येतो. आईला ते कळलं नाही. तिला वाटलं, पेपरात राखेचंही लिहिलं असेल.

त्याच आठवड्यात गावातल्या काही घरांत उलट्या सुरू झाल्या. घसे सुजले, तोंडं भाजली. कुणी मेलं नाही. पण पुढच्या बाजारी आई टोपली घेऊन उतरली, तेव्हा माणसं वाटच पाहत होती.

तिनं ती कच्ची फोड का खाल्ली, हे त्या गर्दीत एकालाही कळलं नाही. आमच्यात रीत आहे. कंद शिजला की पहिला तुकडा खणणारीनं खायचा, सगळ्यांसमोर. दुसरा तुकडा ज्याच्या मनात शंका आहे त्यानं खायचा. मग शंका संपली, मग पोरांना वाढायचं. कापडवाला 'तूच खाय' म्हणाला आणि आईला वाटलं, हा आपल्या रीतीनं बोलतोय. कच्चा असला तरी नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणं म्हणजे आपल्याच हातात विष आहे असं कबूल करणं.

म्हणून तिनं खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ सुजायला लागले होते. तशीच ती वाकली, सुरीखालचा उरलेला कंद उचलला, त्याची फोड तोडली आणि कापडवाल्यापुढे धरली.

"मी खादा. आते तू खाय."

किती हसले लोक. पोट धरून हसले. डोंगरची वेडी म्हणाले. ती हात पुढे करून उभीच राहिली. तिला कळेना की हा खात का नाही. बराच वेळ तिचा हात तसाच होता. मग तिला ओकारी आली आणि ती खाली बसली.

तेव्हा कुठे मी उंबऱ्यावरून उठलो. तिला खांद्यावर घेऊन गावाबाहेर नेलं. वाटेत ती एवढंच बोलली, आमच्या मावची बोलीत, की त्यानं खाल्ला नाही. तीन दिवस तिच्या घशाखाली पाणी उतरलं नाही. ती वाचली. पण जिभेची चव गेली ती गेलीच. मीठ आणि राख तिला सारखंच लागे.

आठ दिवसांनी तात्यासाहेबांनी मला बोलावलं. पेपराला श्रोत्यांची प्रतिक्रिया पाठवायची होती. सगळे जमले होते, वखारीचा मालकही होता. मला कागद दिला, टाक दिला आणि पहिल्यांदाच आत सतरंजीवर बसवलं. तात्यासाहेब सांगू लागले. आमच्या वाचनालयात आपले सदर आवडीने ऐकले जाते. मी लिहिलं. शास्त्रज्ञांच्या शोधाबद्दल आम्हांस आदर आहे. तेही लिहिलं. परंतु एका डोंगरी बाईने लबाडीने विषारी कंद विकून—

टाक थांबला.

"लिही रे," तात्यासाहेब म्हणाले. "तुझ्या आईचं नाव घालत नाही मी."

"नाव घाला," मी म्हणालो. "आणि राख अन् वाहतं पाणी सांगितलं होतं, तेही घाला."

"त्याला पुरावा काय?"

माझ्या खिशात कंदाचा तुकडा होता. त्या दिवशी तिच्या मुठीत राहिलेला. वाळून काळा पडला होता. मी तो काढून त्या कागदावर ठेवला, शाई ओली होती तिथंच.

"आमच्यात पहिला तुकडा खणणारीचा," मी म्हणालो. "तो तिनं तुमच्या दारात खाल्ला. दुसरा शंका घेणाऱ्याचा. खा."

कुणी हसलं नाही. कापडवाला खाली बघत होता. तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तुकडा तिथंच पडून राहिला. मी उठलो, सतरंजीवरून चालत बाहेर आलो, उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरलो.

दुसऱ्या दिवशी वखारीत माझ्या जागी दुसरा माणूस होता. प्रतिक्रिया दुसऱ्याच्या अक्षरात गेली आणि छापून आली. लबाडीसकट. ती वाचली तेव्हाही टाळ्या पडल्या, असं मला पायरीखालच्या माणसांनी सांगितलं. राखेचं आणि वाहत्या पाण्याचं मीही माझ्या नावानं पेपराला लिहून पाठवलं, ते पत्र कुणी छापलं नाही. आई त्यानंतर बाजारात उतरली नाही, मरेपर्यंत. वाट पाहणारी माणसं तिला अजून तिथंच उभी दिसत.

मला त्या लोकांची माफी नको. ती वेळ गेली. माझंही हसणं मी माफ करणार नाही.

पण त्या दिवसापासून मी कुणाच्या उंबऱ्यावर बसत नाही. छापलेलं कुणी वाचून दाखवलं, आमच्या जंगलाचं, आमच्या आगीचं, आमच्या अडाणीपणाचं, तर मी भर सभेत उभा राहून विचारतो, हे कुणाला विचारून लिहिलं? लोक चिडतात. मला बाहेर काढतात. मी पुढच्या वेळी पुन्हा जातो. खिशात कंद असतो माझ्या, कच्चा. आईचा पुढे केलेला हात त्या दिवशी तुकड्यासकट खाली आला. माझा येणार नाही. ज्याला आमच्या खरेपणाची शंका आहे, त्यानं आधी दुसरा तुकडा खावा आणि मग तोंड उघडावं.