वैशालीच्या कॅमेऱ्याची कंपनी

नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही. नृसिंहवाडीला दत्तापुढं हात जोडून उभी राहिले, तिथंही गप्पच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघू, जमतंय काय.

मी कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढते. हळदीच्या खोलीत, नवरी साडी नेसताना, आत जायला बाईच लागते. म्हणून इथले पाचसहा फोटोग्राफर आपापल्या लग्नांना मला बोलवायचे. बाई अशी मी एकटीच. लई भारी वाटायचं — खोटं कशाला बोलू?

आता हे नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्हा सगळ्यांचे कॅमेरे एकाच कंपनीचे. त्यामुळं एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला बसते, मांडवात ती हातोहात फिरते. अल्बममध्ये रंगही जुळतात. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असला की त्या माणसाला आमच्यात कुणी बोलवत नाही. कॅमेरा वाईट म्हणून नव्हे. जुळत नाही, एवढंच.

वैशाली गडमुडशिंगीची. पार्लरमध्ये नवऱ्या सजवायची आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढायची. एकदा मला दाखवले. आरशात बघणारी एक नवरी, डोळे भरलेले, आणि मागं तिची आई दातांत पिन धरून गजरा माळतेय. मी तो बोटांनी मोठा करून परत बघितला. असा फोटो मला कधी जमला होता? नाही. हेवा वाटला, सरळ हेवा.

"अक्का, आता खरा कॅमेरा घ्यायचा म्हणते," ती म्हणाली. "कुठल्या कंपनीचा घेऊ? तू सांगशील त्यो."

मी दुसऱ्या कंपनीचा सांगितला.

खोटं एक अक्षर बोलले नाही बघा. चेहऱ्याचा रंग छान येतो म्हणाले, हाताला हलका म्हणाले — सगळं खरंच. फक्त लेन्सचं बोलले नाही. सांगायचं राहून गेलं म्हणू? राहिलं नव्हतं. दुकानातही मी तिच्यासोबत गेले होते. दुकानदारानं विचारलं, "तुमच्यासारखाच देऊ की यांना?" तर मीच म्हणाले — नको, हाच द्या. बाहेर पडल्यावर वैशालीनं पेढे घेतले. पहिला माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

मग काय व्हायचं ते झालं. आमच्यातल्या एकदोघा फोटोग्राफरांनी तिला कामाचं विचारलं, कंपनीचं नाव ऐकलं, "बरं, कळवतो" म्हणाले. मी शेजारीच उभी होते. ती मला म्हणायची, "कॅमेरा भारी हाय अक्का, माझंच कायतरी चुकतंय." आणि मी? "हुईल की," म्हणायची. शेवटी तिनं तो विकला आणि परत पार्लर धरलं.

गेल्या वर्षी हातकणंगल्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. फोटोला तिनं मलाच बोलावलं. पाठवणीच्या वेळी माझा फ्लॅश बंद पडला. सेल शोधायला मी पिशवीत हात घातला आणि कॅमेरा तिच्याकडं दिला — धर जरा. तिनं धरला. मग डोळ्याला लावला आणि एकदाच बटण दाबलं.

बहीण आईच्या पदराला डोळे पुसतेय आणि आई पदर सोडवून न घेता नुसती उभी आहे. असा तो फोटो.

अख्ख्या अल्बममधून घरच्यांनी तोच मोठा करून मागितला. सगळे तिचं कौतुक करायला लागले, तर वैशाली हसून म्हणाली, "माझं कसलं? मी निस्तं बटण दाबलं. कॅमेरा अक्काचा हाय, म्हणून आला."

कॅमेऱ्यामुळं आला नव्हता. ते तिथं एकट्या मलाच माहीत होतं. बोलायला तोंड नव्हतं काय मला? होतं. मी हसले आणि जेवायला बसले.

तो फोटो आता माझ्या स्टुडिओच्या दारात लावलाय. तो बघून गिऱ्हाईक आत येतं, असाच पाहिजे म्हणतं. मी हो म्हणते. खाली कोपऱ्यात नाव माझं आहे.