मागणं थांबवल्यावर

आमची मुलगी घटसर्पाने गेली तेव्हा चार वर्षांची होती. साल बहुतेक सदुसष्ट. आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटात राहत होतो, नवरा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत फिटर होता आणि रोज सायकलने जायचा. तिच्या आजारात मी दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघे टेकून एवढं मागितलं होतं की घसा बसला. ती गेली, आणि चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, प्रभूची इच्छा. मी मान हलवली. पण त्यानंतर प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्दच फुटेना.

मंडळीत एक म्हाताऱ्या विधवा बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी मला बाकावर थांबवून घेतलं.

"प्रार्थना करतं का?"

"बोलता नाही येत, मावशी."

"तं नको बोलू. आजवर तू मांगून राह्यली होती. आता चुप बस अन् त्याचं आईक."

"तो बोलते का?"

"बस तं खरी," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून मी दुपारची बसू लागले. नवरा कामावर, भांडी घासून झालेली, दार लोटलेलं. डोळे मिटले की पोरीच्या श्वासाची घरघर ऐकू यायची, दुसरं काही नाही. कधी शेजारचा रेडिओ. कधी राग यायचा, आणि मनातल्या मनात देवाला नको ते बोलायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची, कारण त्या रिकाम्या दुपारी करायला मला दुसरं काही नव्हतं.

नवरा मुलीचं नाव काढत नव्हता. घरी आला की हातपाय धुऊन मागच्या पायरीवर पाठमोरा बसायचा, जेवायला हाक मारेपर्यंत. मला वाटायचं, याला काही लागलंच नाही.

एक दिवस बसायला उशीर झाला. नवरा येऊन मागच्या पायरीवर गेला तरी मी तशीच बसलेली होते. मनात काहीच नव्हतं, घरघरसुद्धा नाही. त्या शांततेत एक वाक्य आलं: "जाय, त्याच्यापाशी बस." कानाने ऐकलं असं म्हणणार नाही. पण ते माझ्या मनातलं नव्हतं. माझ्या मनात नवऱ्याबद्दल फक्त राग होता. आमच्या चर्चमध्ये सगळं हिंदीत चाले, घरातलं पवित्र शास्त्र शुद्ध मराठीत. देव बोलला तर तसाच बोलेल, असं मी धरून चालले होते. हे तर माझी आई बोलायची तसं होतं.

मी उठले आणि पायरीवर जाऊन बसले. तो समोर बघतच म्हणाला,

"पेटी लई हलकी होती."

मी जरा जवळ सरकले.

"कब्रस्तानापर्यंत मीच नेली ना. वाटभर वाटत होतं, आत ती हाय का नाही. खोलून पाहू का, असं वाटत होतं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू देवाशी बोलून राह्यली होती," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवशी चूल पेटली नाही.

पुढच्या रविवारी मी मावशींना सगळं सांगितलं आणि विचारलं, तो देव होता की माझंच मन? त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मले काय माहीत, पोरी. माहा नवरा गेला तवापासून मी बसतो. माह्याशी तं तो अजून असा बोलला नाही."

त्यांचा हात धरून मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले.

आम्हाला दुसरं मूल झालं नाही. तो आवाज त्यानंतर फार क्वचित आला, आणि मुलगी का नेली याबद्दल एक अक्षरही नाही. पण नवरा रविवारी दुपारी माझ्याबरोबर बसू लागला. थोड्याच वेळात त्याची मान कलायची आणि तो घोरू लागायचा. मी त्याला उठवत नसे.