धरणाच्या दोन काठांमधली बोट

आमचं गाव इसापूर धरणाच्या अलीकडच्या काठावर. समोर, पाण्यापलीकडे, बायकोच्या थोरल्या बहिणीचं सासर. रात्री दोन्ही गावांना एकमेकांचे दिवे दिसतात. पण रस्त्यानं जायचं तर धरणाला मोठा वळसा घालून दोन बसा बदलाव्या लागत, आणि दुसरी हटकून चुके.

सासूबाई शेवटची काही वर्षं त्या थोरलीकडेच होत्या. त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा भर उन्हाळा होता. तिकडच्यांना फार वेळ थांबता येईना. आम्ही फाट्यावर बसची वाट बघत उभे असतानाच पलीकडच्या काठावर धूर दिसला. बायको रडली नाही. नुसती तिकडे बघत राहिली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. पुसदला माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेल्या एका बोटिंग क्लबचं भंगार बघायला म्हणून गेलो, तर लिंबाखाली फायबरची एक मोटरबोट पालथी पडलेली. मी बायकोला सहज फोन केला.

"घ्या," ती म्हणाली. "कशीबी असली तरी घ्या."

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंगणात आली तेव्हा अर्धं गाव हसलं. तळाला हातभर चीर होती. पाण्याच्या टाक्या सांधणाऱ्या माणसाकडून फायबरचं कापड बसवून घेतलं. बायको शेतातून आली की पदर खोचून काचपेपर घासत बसायची. इंजिनात कुंभारमाशांनी मातीची घरं केली होती. ती तिनंच तारेनं कोरून काढली. बाकड्यांना जुन्या रेक्झिनची गादी शिवली. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा ती दचकून मागे सरली आणि मग इतकी हसली की खालीच बसली.

पावसाळा सरल्यावर बोट पाण्यात उतरवली. मधोमध इंजिनाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं. मी विळ्यानं ते कापेपर्यंत बायको बोटीची कड घट्ट धरून बसली होती. तरी परत फिरा म्हणाली नाही. चहा थंड होईल एवढ्या वेळात आम्ही पलीकडे पोचलो. तेवढंच अंतर होतं ते.

थोरली काठी टेकत काठावर आली होती. गुडघे गेलेले. तिनं बोटीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"आता आणली व्हय?" ती म्हणाली. "माय होती तवा काहून नाही आणली?"

बोलल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं बायकोचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. थोरली बोटीत पाय ठेवायची नाही. "मले भेव वाटते, जवाईबापू." शेवटी संक्रांतीला तिच्या पोरानं तिला उचलूनच बाकड्यावर बसवलं. मी अगदी हळू चालवली. पाणकावळे उडाले, तोंडावर शिंतोडे आले, तशी ती लहान मुलीसारखी खिदळली. मध्यावर मी इंजिन बंद केलं. तिथून दोन्ही गावं दिसत होती, दोन्हींकडच्या म्हशीसुद्धा. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"किती जवळ होतो वं आपण," ती बहिणीला म्हणाली.

माझ्या बायकोनं तिळगुळाची पुडी सोडली होती, ती तशीच मांडीवर राहिली.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं, काठाला चिखल झाला, बोट अंगणात आली. तेवढ्यात थोरलीच्या पोराला पुण्याला काम मिळालं आणि तो आईला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. फोनवर ती सांगते, लिफ्टमध्ये भेव वाटते, खिडकीतून नुसत्या भिंती दिसतात.

पाणी भरलं की आम्ही अजून बोट काढतो. इंजिन आता पहिल्यापेक्षा चांगलं चालतं. कधी कधी मी पलीकडच्या काठाकडे रोख धरतो. मध्यावर आलं की बायको म्हणते, "आता वळवा." मी वळवतो.