खिडकी लावणारी मुलगी

आम्ही कोकणातले बेने इस्रायल. शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून गावाने आम्हाला 'शनिवार तेली' म्हटलं, त्यापलीकडे आम्ही ज्यू म्हणून कुणी वाकडा शब्द काढला नाही. ऐंशीच्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ग्लेन वेव्हर्लीत राहायला आलो, तरी वडील प्रार्थना अशा खड्या आवाजात म्हणायचे की मलाच चोरट्यासारखं व्हायचं.

त्याच वर्षी समोरच्या घरात ओडेसाहून निर्वासित होऊन आलेलं ज्यू कुटुंब उतरलं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिकडे सोव्हिएत सरकारकडे देश सोडायची परवानगी मागितली म्हणून तिच्या वडिलांची नोकरी गेली होती. तिथल्या शाळेत बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून 'ही ज्यू, ही गद्दार' असं सांगितलं होतं, आणि पोरांनी तिचं दप्तर गटारात फेकलं होतं. हे सगळं तिच्या आईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मुलगी अवाक्षर काढत नसे.

एका रविवारी माझ्या आईने त्यांना घरी बोलावून मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. काही चांगलं घडलं की आम्ही देवाचे आभार मानायला करतो तो. वडिलांनी टोपी घालून प्रार्थनेसाठी घसा खाकरला, तोच ती मुलगी उठली. तिने खिडकी लावली, पडदा ओढला, आमचा रेडिओ मोठ्याने लावला आणि निमूट जागेवर येऊन बसली.

मला हसू फुटलं. तिची आई ओशाळून म्हणाली, "सॉरी. आमच्याकडे शेजारी ऐकायचे. रिपोर्ट करायचे."

वडिलांनी रेडिओ बंद केला, खिडकी सताड उघडली आणि 'शेमा' सुरू केला. देव एकच आहे, असं सांगणारी ही ओळ जगातल्या बहुतेक ज्यूंना पाठ असते. तिलाही होती, तिच्या आजोबांनी पांघरुणात कानाशी शिकवलेली, हे मला नंतर कळलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी बघतच राहिले. आमच्या घरी वरणभाताइतकी रोजची ओळ, आणि ही माझ्याएवढी पोर ती ओठांत धरून सातासमुद्रापार आली होती!

"लाउडली, बेटा," वडील म्हणाले. "नो वरीज."

तिने ती ओळ म्हटली. बारीक, चिरका आवाज. म्हणून झाल्याबरोबर दचकून तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर शेजारचे आजोबा लॉन कापत होते. त्यांनी मशीन थांबवलं, आम्हाला हात केला आणि पुन्हा कापायला लागले.

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्या वडिलांकडे वळून तिने विचारलं, "अगेन?"