प्रदर्शनातली भांगलण

माझ्या मैत्रिणीने, विद्याने, कोल्हापुरात चक्क तणांचं प्रदर्शन मांडलं. तिचं पहिलंच. "आई येणार आहे गं. तिनं माझं एकही चित्र आजवर बघितलेलं नाही. तू ये." मी पुण्यात बॅग भरली.

स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडा. हायवेचं काम चालू आहे, तेव्हा कंडक्टरच्या वेळेवर विसंबू नका. उतरल्यावर आधी मिसळ, मग कला. मी कट बेताने मागितला, तर मालक गरजले, "पावणं, मग वरणभात खावा की!"

हॉल बघण्यासारखा होता. फरशीवर माती पसरून विद्याने घोळ, टाकळा, कुर्डू, एकदांडी असं सगळं रानातलं तण वाढवलं होतं. मधे ज्वारीची चारच रोपं. आपण जे उपटून फेकतो त्याच्यासमोर माणसाने घटकाभर थांबावं, ही कल्पना. उद्घाटन संध्याकाळी होतं. आम्ही हार आणायला गेलो आणि चहात रमलो.

परतलो तर विद्याची आई कागलजवळच्या गावाहून दोन शेजारणींसह लवकरच पोचलेली. तिघी पदर खोचून मातीत बसल्या होत्या. तणाचा ढीग दाराशी. ज्वारी तेवढी डौलात उभी.

"किती माजलं हुतं गं!" विद्याच्या आई, म्हणजे आमच्या मावशी, खूश होत्या. "पावणं येणार आन् रान असं? लोकं नावं ठेवत्यात. भांगलून टाकलं बघ."

"खुरपं कुठनं आणलंस?"

"पिशवीत असतंय की."

विद्याने ढिगातलं एक रोप उचललं. "आई, तेच माझं चित्र होतं."

मावशींचा चेहरा उतरला. "तुझ्या चित्रातलं मला काय कळत न्हाय, म्हणून बघत नव्हतो मी. आज पयल्यांदाच कळलं, असं वाटलं बघ."

मला रडू आलं. विद्या मात्र हसत सुटली आणि तिने आईला मिठी मारली. ढीग तसाच ठेवून तिने दारावरच्या पाटीवर स्वतःच्या नावाशेजारी आईचं नाव लिहिलं. उद्घाटनाला आलेले एक जाणकार गृहस्थ रिकाम्या मातीपुढे बराच वेळ उभे राहिले. "यामागे फार मोठी साधना आहे," ते म्हणाले.

"व्हय, कंबर मोडली," मावशी म्हणाल्या.

देऊळ, तळं सगळं बघायचं राहिलं, तरी कुठल्या सहलीत मी इतकी भरून पावल्याचं मला आठवत नाही. घरी पोचते तोच विद्याचा फोन. मागून मावशींचा आवाज आला, "तिला पुढच्या परदर्शनालाबी बोलव. आन् काय उपटायचं न्हाय, तेवढं मला आधी सांग."