कपाट पुढे घ्या

आमच्या बाबांना सगळे 'धूरवाले' म्हणतात आणि त्यांना त्याचा भयंकर राग येतो, कारण घरात ते धूर करतच नाहीत. त्यांच्याकडे दोन मशीनं आहेत. एक पेट्रोलवरचं, लांब नळीचं, गरम. ते पांढऱ्या धुराचे लोट सोडतं आणि तीन गल्ल्यांतली कुत्री भुंकायला लावतं. ते गटारांसाठी, बागांसाठी, डासांसाठी. दुसरं विजेवरचं, बादलीएवढं, थंड. त्यातून औषधाचं इतकं बारीक धुकं निघतं की जेमतेम दिसतं. ते खोल्यांसाठी. "धूर बाहेर, धुकं आत," हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. आता बाबांच्या कामाचे फोन मी घेते, तेव्हा लोकांना मीच ऐकवते.

लोकांना मात्र धूरच हवा असतो. एका बाईंनी काम झाल्यावर तोंड वाकडं केलं, "एवढंच? मला तर काहीच दिसलं नाही." बाबा वायर गुंडाळत म्हणाले, "ताई, झुरळांना दिसलं."

काम सुरू करण्याआधी ते तीन गोष्टी मोठ्याने म्हणतात: माणसं बाहेर, अन्न झाकून, कपाट पुढे. पुढे म्हणजे भिंतीपासून चांगलं हातभर. जिथे हवा खेळत नाही तिथेच बुरशी माजते, आणि चिकटून उभ्या कपाटामागे धुकंही शिरत नाही. एका वकिलांनी "एवढ्याने काय बिघडतं?" असं विचारलं, तर बाबा मशीन उचलून सरळ घरी आले. त्यानंतर वकिलांचं बोलणं फोनवर कुणी ऐकलं? मी!

आणि हेच बाबा स्वतःच्या घरात चुकले.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा लहान असताना बोट धरून त्यांना शाळेत पोचवणारी. काका, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर ती एक कपाट घेऊन आमच्याकडे राहायला आली. काका शिंपी होते. दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी शिवायला टाकून कधीच न नेलेले कपडे त्यांनी त्या कपाटात टांगले. "येतील न्यायला," म्हणायचे. वीस वर्षांत कुणी फिरकलं नाही. तरी आत्याने त्यातला एक सदराही कुणाला दिला नव्हता.

मग तिच्या खोलीच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले, आणि पाठोपाठ खोकला आला. जिना चढली की ती अर्ध्यात बसायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की या खोलीत त्यांना ठेवू नका. पण आमच्याकडे दुसरी खोली कुठून आणायची? मी स्वतः स्वयंपाकघरात झोपते. आत्याच्या मुलाचा फोन आला, "मामा, दोन महिन्यांनी रजा मिळतेय. मी येतो आईला न्यायला."

त्याचं घर नवव्या मजल्यावर, आणि नवराबायको दोघंही दिवसभर बाहेर. "तिथे मी बोलू कुणाशी? लिफ्टशी?" आत्या हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. तिला जायचं नव्हतं. बाबांना तर तिला पाठवायचं नव्हतंच, फक्त ते बोलत नव्हते.

बाबा कामाला लागले. मास्क लावून त्यांनी भिंत पुसून काढली, आत्याला जिन्यावर बसवलं, खिडक्या लावून थंड मशीन चालवलं, नंतर दारं-खिडक्या उघडून पंखा सोडला. पंधरा दिवसांत ठिपके परत! त्यांनी औषध बदललं. ठिपके पुन्हा हजर, आणि खोकला वाढलेला. तिसऱ्या खेपेला ते चक्क गरम मशीन घेऊन आत निघाले, तेव्हा मला कळलं की यांचं डोकं ठिकाणावर नाही.

मी दार अडवून उभी राहिले. "धूर बाहेर, धुकं आत, हे कोण म्हणतं हो?"

"सरक बाजूला."

"नाही सरकणार. आणि कपाट? एकदा तरी पुढे घेतलंत?"

बाबांनी मशीन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ते रिकामं केल्याशिवाय हलत नाही. भाऊजींनी जपलेले कपडे तिच्यासमोर कसे काढू? तेवढंच तर उरलंय तिच्याकडे."

जिन्यावरून आवाज आला, "अरे वेड्या, मला वाटलं तुझ्या मशीनला कपाट आहे तिथेच चालतं! तू एवढा जाणकार, मी कशाला मध्ये तोंड घालू?"

दोघं एकमेकांना जपत बसले आणि मधल्यामध्ये बुरशीचं फावलं. मला इतका राग आला की रडूच आलं.

कपाट आत्यानेच उघडलं. आम्ही तिला मास्क लावून दारात खुर्ची दिली, आणि मी एकेक कपडा तिला दाखवत गेले. प्रत्येकाला काकांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली. बरेच कपडे बुरशीने खाल्ले होते. त्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या तिने काढून घेतल्या आणि म्हणाली, "टाक." मधोमध टांगलेला एक काळा कोट मात्र धडधाकट निघाला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'उंच गृहस्थ. घाई आहे.'

"वीस वर्षं झाली, अजून घाईच आहे," आत्या म्हणाली, आणि आम्ही पोट धरून हसलो.

कपाटामागची भिंत काळी, ओली होती. पलीकडे न्हाणीघराचा पाइप ठिबकत होता. नळवाल्याने तो तासाभरात बदलला. बाबांनी भिंत खरवडली, तीन आठवडे वाळू दिली आणि मगच धुकं सोडलं, एकदाच. ठिपके परत आले नाहीत.

ठरल्या दिवशी आत्याचा मुलगा मोठी रिकामी बॅग घेऊन आला. त्याने खोली हुंगली, कपाटामागे हात घालून पाहिला, डॉक्टरांना फोन लावला. आत्या खाली जाऊन भाजी घेऊन वर आली, मध्ये कुठेही न बसता. तो तिच्याकडे बघतच राहिला. पण माझा हा आतेभाऊ जात्याच हट्टी. "तरीपण आई, चल. गाडी खाली उभी आहे, मला घाई आहे."

आत्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो आहेच ताडमाड. तिने कोट आणला, आधी एक बाही धरली, मग दुसरी. कोट त्याला अंगावर मापं घेऊन शिवल्यासारखा बसला. तिने खांद्यावरून हात फिरवला, कॉलर सारखी केली आणि आमच्यातल्या कुणाकडेही न बघता म्हणाली, "अहो, आला बरं का एकजण न्यायला."

तो आईला मिठी मारून बराच वेळ उभा राहिला. मग कोट घालूनच खाली उतरला. बॅग रिकामीच होती.