मीठ कमी

गाण्याच्या शिबिरात सव्वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या मावशींना गाता येतं का, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. खुद्द मावशींनाही नाही. दर वर्षी थंडी सरता सरता शाळेची इमारत शुक्रवार ते रविवार रिकामी मिळायची आणि गावभरचे हौशी लोक तिथे गायला जमायचे. सात वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत कुणीही यावं. गळा असला म्हणजे झालं, तो गोड असायलाच हवा अशी अट नव्हती. शंभर माणसांची दोन्ही वेळची जेवणं आणि येता-जाता लागणारा चहा ही मावशींची बाजू. त्यात पहिलं वर्ष सोडलं तर त्यांनी कधी कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी उभ्याचं काम बंद करायला सांगितलं, तेव्हा मावशींनी आपला डाव नव्या आचाऱ्याच्या हाती दिला आणि आठवडाभर घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. शेवटी लेकीनेच परस्पर शिबिराचे दोन फॉर्म भरले, एक आईचा आणि एक आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा. आयुष्यभर त्यांना खाऊ घातलंस, आता जरा त्यांच्यात बसून गा, असं तिचं म्हणणं. मावशींनी आधी आढेवेढे घेतले आणि मग गुपचूप नवी चप्पल आणली.

शुक्रवारी संध्याकाळी गाण्याच्या बाईंनी सगळ्यांच्या तीन रांगा केल्या: वरचा आवाज, मधला आवाज, खालचा आवाज. मावशी नातीशेजारी वरच्या आवाजात बसल्या. बाईंनी पहिलंच गाणं जुनं काढलं. मावशींना ते तोंडपाठ होतं. त्या मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या आणि चार ओळींत आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मावशी गात होत्या ते अगदी बरोबर होतं, पण ते पुरुषांचं होतं.

यात त्यांचा काही दोष नव्हता. वरच्या आणि मधल्या आवाजांची तालीम माडीवरच्या वर्गांत चालायची. खालचा आवाज म्हणजे चहाबाज पुरुषमंडळी. त्यांनी पहिल्याच वर्षी जेवणघर धरलं, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. त्या खिडकीतून मावशींना जे ऐकू आलं तेच गाणं, असं त्या धरून चालल्या. घरी भांडी घासताना त्यांनी तेच गुणगुणलं, लेकीला झोपवलं तेही त्याच सुरांवर. वर कुणी याहून वेगळं काही गात असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आजी, तू आजोबांसारखं गातेस," नात हळूच म्हणाली. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. लोक हसले ते प्रेमानेच, तरी मावशी कानकोंड्या झाल्या. पुढची सगळी गाणी त्यांनी ओठ मिटून ऐकली.

शनिवारी दुपारी त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसल्या आणि बटाटे सोलायला घेतले. नव्या आचाऱ्याला वाटलं, तपासणीच आली. तो बिचारा उगाचच घासलेली पातेली पुन्हा घासू लागला.

खिडकीपलीकडे खालच्या आवाजाची तालीम सुरू होती, पण त्यात पोस्टमनकाकांचा आवाज नव्हता. टपाल खात्यातून निवृत्त झालेले हे काका म्हणजे त्या रांगेचा कणा. पहिल्या वर्षी त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली होती आणि मावशींनी ती जन्मभर लक्षात ठेवली. तालीम संपली की काका खिडकीशी यायचे, चमच्याने कपावर दोनदा टकटक करून विचारायचे, "मावशी, आज कसं झालं?" मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. मीठ कमी. इतक्या वर्षांत त्या उत्तरात काडीचा फरक पडला नाही.

पावसाळ्यात काकांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तरी ते आले होते आणि पुढच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. रांगेत निरोपाचं गाणं चाललं होतं. दर शिबिराचा शेवट त्याच गाण्याने व्हायचा आणि त्यातली खालची चाल काकांनी स्वतः बसवलेली होती. ती कागदावर उतरवा, असं बाई दर वर्षी सांगायच्या. काका म्हणायचे, मी आहे ना.

रांगेने तीनदा गाणं धरलं आणि तिन्ही वेळा सगळे दुसऱ्याच ओळीला घसरून मधल्या आवाजाच्या चालीवर गेले. इतकी वर्षं ते गाणं गात नव्हते, काकांच्या मागे चालत होते. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "निरोपाचं गाणं आता नको."

काकांनी मान हलवली आणि ती खालीच ठेवली. मावशींना खिडकीतून ती मान दिसली. गायलं तर काल हसले तसे लोक आजही हसतील. नाही गायलं तर हे गाणं आज, इथेच, आपल्यादेखत संपेल.

"तो नळ बंद कर जरा," त्या आचाऱ्याला म्हणाल्या आणि हातातल्या अर्धवट सोललेल्या बटाट्यासकट गाऊ लागल्या.

जेवणघरातल्या माना खिडकीकडे वळल्या. दुसरी ओळ आली, अवघड वळण आलं, मावशी ते काकांसारखंच किंचित रेंगाळत घेऊन खाली उतरल्या. काकांनी डोकं वर केलं. त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. बाईंनी रांगेला नुसती खूण केली आणि पुरुष एकेक करून मावशींच्या मागोमाग गाऊ लागले. कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी बाई कागद घेऊन बसल्या. मावशी एकेक ओळ गायच्या, बाई लिहायच्या, आणि कुठे चुकलं की काका कागदावर बोट ठेवायचे. रविवारी दुपारी मावशी खालच्या आवाजाच्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या, पुरुषांत एकटी बाई. नात वरच्या आवाजातून उठून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. निरोपाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं.

लोक सामान आवरू लागले तेव्हा काका कप घेऊन आले आणि चमच्याने दोनदा टकटक केली. आज विचारायची पाळी मावशींची होती.

"कसं झालं?"

काकांनी अंगठा आणि बोट जुळवून चिमूट दाखवली आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली. कमी.

मावशी हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. त्यांनी काकांचा कप धरलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमचं कधीच कमी नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही गायला लागलात की मी नळ बंद करायचे."